दंताधीशांनी सासऱ्यांच्या गाडीचा पंखा राखिला, ती हकिकत

यंत्रदेवतेस आणि तिच्या तापट स्वभावास मुजरा करून हा मजकूर लिहिण्यात येतो. पूर्वी राजे होऊन गेले, त्यांनी मुलूख घेतले आणि घालविले, त्यांच्या हकिकती थोरांनी लिहून ठेविल्या. परंतु एका पत्र्याच्या पंख्यापायी एका घरात जे रण माजले, साडू-साडूंत वैर पडले, सासूबाई उन्हात दगडावर बसल्या, एका रुग्णबाईंची दाढ उघडी राहिली, आणि शेवटी कोणाच्याही अकलेवाचून फत्ते जाहली, ते कोणी लिहिले नाही. म्हणोन पुढील पिढ्यांनी इंजिनास हात लावण्याआधी वाचावे या हेतूने साद्यंत लिहिले असे.

हकिकत ऐसी की, दाढपंक्तिसंहारक, कवळीनिर्माते, सकळ हिरड्यांचे हाकिम, श्रीमंत दंताधीश, म्हणजे दातांचे डॉक्टर, एका भरवस्तीच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यास दवाखाना थाटून सुखे नांदत होते. त्यांचे सासरे कैलासवासी जाहले, आणि मागे गोल पाठीची, गोल डोळ्यांची एक जुनी गाडी ठेवून गेले. गाडीची जात ऐसी की इंजिन शेपटीकडे, आणि पाण्याचा टिपूस नाही. इतर गाड्या पाणी पिऊन थंड राहतात, ही हवा खाऊन राही. त्याकरिता इंजिनाच्या माथ्यावर ताटाएवढा पंखा पट्ट्याने जुंपलेला असे. इंजिन एक फेरा घेई तो पंखा जवळजवळ दोन घेई, आणि पंख्याची पाती पत्र्याची, मुळाशी डाग देऊन चिकटविलेली. सासरे होते तोवर गाडी नवऱ्या मुलीगत चाले, पंखाही गुणगुणत राही, आणि कोणाचे कोणाशी वाकडे नव्हते.

परंतु कैलासवासींनी हयातीत जावयास सुकाणूस हात लावू दिला नव्हता. दंताधीश वर्षानुवर्षे मागल्या आसनावर, मांडीवर फळांची पिशवी घेऊन, गुडघे हनुवटीस टेकवून बसत आले, आणि मनात म्हणत आले की एक दिवस आमचाही येईल. तो दिवस आला. मातोश्रींनी, म्हणजे सासूबाईंनी, किल्ली सांभाळावयास म्हणून हाती दिधली. कागदावर नाव मात्र आपलेच ठेविले. मग काय विचारता! खाशांनी, म्हणजे खुद्द दंताधीशांनी, पातळ तळव्याचे बूट घेतले, बोटे उघडी राहतील ऐसे हातमोजे घेतले, इंजिनाचे फेरे दाखविणारे घड्याळ बसविले, आणि त्याचा काटा लाल रेघेस लागेतो दाबावे, हाच कुळधर्म केला. सिग्नलास गाडी उभी असता डरकाळी. दवाखान्याच्या दारी उतरण्याआधी डरकाळी. वरच्या मजल्यावर रुग्ण आ वासून बसलेला असे, तो डरकाळी ऐकून आपोआप तोंड मिटून घेई. खाशांस वाटे, लोक दरारा मानितात. लोक कानात बोटे घालीत.

अशात मातोश्रींस डोंगरावर राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे न्यावयाची स्वारी निघाली, आणि चढाच्या तिसऱ्या वळणावर, एका निरपराध बैलगाडीस मागे टाकण्याच्या आवेशात, खाशांनी काटा लाल रेघेपार नेला. तेव्हा मागे ऐसा आवाज जाहला की कोणी भांड्यांचे कपाट जिन्यावरून लोटले. पंख्याची तीन पाती मुळापासून सुटून पत्र्याच्या घरात नाचली, पट्टा उडाला, हवा बंद पडली, इंजिन तव्यासारखे तापले, आणि जळक्या तेलाचा धूर करीत गाडी बसली. मातोश्री भर उन्हात रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या, आणि ज्या बैलगाडीस जिंकावयाचे होते ती शेजारून घंटा वाजवीत गेली.

आणि मग, दैव पहा, कुमकेस आले कोण? धाकटे जावई, खाशांचे साडू, फरश्यांचे सरदार! त्यांची गाडी नवी, पाण्याची, थंड हवेची, आणि आवाज न करणारी. काच खाली करून सरदार बोलिले, "काय साडूभाऊ, हवा खायला थांबलात वाटतं?" आणि मातोश्रींस अलगद उचलून आपल्या गादीवर बसविले, आणि वाटेत गार पाणीही पाजले. हा घाव खाशांच्या काळजात खोल गेला. पंख्यास बसला त्याहून खोल.

तिसऱ्या प्रहरी मातोश्रींनी दिवाणखान्यात दोन्ही जावयांस बोलावून हुकूम फर्माविला, तो येणेप्रमाणे. "जावईबापू, माझं वय काय, तो दगड काय! आता ऐका. या महिनाअखेरीस ताईकडे मला पुन्हा जायचंय, तिचा गुडघा बघायला. याच गाडीतून जाईन. वाटेत बसावं न लागता वर पोचवलंत, तर गाडी तुमच्या नावावर. बसावं लागलं, तर किल्ली धाकट्यांकडे." यावर सरदारांनी तत्काळ आपली मसलत उघड केली की, गाडी आपल्या फरश्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेत उभी करावी, इंजिन काढून टाकावे, आणि त्या पोकळीत न्हाणीघराच्या फरश्यांचे नमुने मांडावे, म्हणजे सासरेबुवांची आठवणही राहील आणि गिऱ्हाईकही थबकेल.

ते ऐकून खाशांच्या पत्नी, थोरल्या बाईसाहेब, यांचा चेहरा उतरला. वडिलांनी याच गाडीच्या टपावर बसवून त्यांस लहानपणी पतंग दाखविले होते. घरी येताच त्यांनी खाशांस एवढेच विचारिले, "अहो, बाबांच्या गाडीत संडासाच्या फरश्या? तुमच्या एका पायापायी?" खाशांनी उत्तर दिले की दोष पायाचा नसून पंख्याचा आहे. बाईसाहेब म्हणाल्या, "हो, आणि पंख्यानंच बैलगाडीशी शर्यत लावली होती." आणि आत निघून गेल्या, आणि त्या रात्री पोळीवर तूप पडले नाही.

येथून मोहिमेस आरंभ. खासे मिस्त्रीच्या गॅरेजात दाखल जाहले. हा मिस्त्री मोठा मुत्सद्दी. त्याच्या हातास जितके ग्रीस, त्याच्या दुप्पट जिभेस. पंखा मोडो की राहो, त्याचे दोन्हीकडून काम चाले, म्हणोन तो कोणत्याही मसलतीस नाही म्हणत नसे. तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही फक्त हुकूम सोडा. आपण हिचं विमान करू." हे ऐकून खाशांची छाती फुगली, आणि त्यांनी भर गॅरेजात आपला सिद्धांत मांडिला. तो ऐसा की, आमच्या हातातील दात कोरावयाचे यंत्र मिनिटास लाखांनी फेरे घेते आणि वर्षानुवर्षे मोडत नाही. मग हा पंखा दहा-बारा हजारांत मोडतो तो केवळ हलगर्जीने, आणि फेऱ्यांचा इलाज आम्हांस कोणी शिकवू नये. वास्तविक कोरणीचे टोक मोहरीएवढे आणि पंखा ताटाएवढा. मोहरी गरगरली तर तिचे काय ओढले जाते, आणि ताट गरगरले तर काठ कसा बाहेर धाव घेतो. फेरे दुप्पट जाहले की ती ओढ चौपट होते, हे इतके सरळ आहे की गोफण फिरविणाऱ्या कोणासही मनगटात कळते. परंतु खाशांनी गोफण कधी फिरविली नव्हती, आणि मिस्त्रीने मान डोलाविली.

मग मिस्त्रीने त्याच जातीचा दुसरा जुना पंखा पैदा केला. खाशांनी कपाळास दिवा बांधिला, हाती छोटा आरसा घेतला, आणि एकेक पाते पालथे करून तपासिले. एका पात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. खाशांनी सवयीने तीवर टोचणी ठोकून विचारिले, "दुखतं का?" पंखा बोलिला नाही. तेव्हा खाशांनी निदान केले की ही कीड आहे. आणि शहाण्या माणसाने पंखा फेकून दिला असता तेथे खाशांनी ती चीर कोरून रुंद केली, साफ केली, फुंकर घालून वाळविली, आणि दातात भरावयाचे पांढरे सिमेंट तीत भरून, निळा उजेड दाखवून, घासून गुळगुळीत केले. काम इतके सुबक जाहले की पात्यास हसू फुटले ऐसे वाटे. मिस्त्री म्हणाला, "डॉक्टर, दोन तास काही चावू द्यायचं नाही ना याला?" खाशांस हा विनोद कळला नाही. ते म्हणाले, "नको. आणि गरम तर अजिबात नको."

दोन तासांनी इंजिन सुरू केले, आणि खाशांनी काटा लाल रेघेस भिडविला, आणि सिमेंटाचा खडा गोळीसारखा सुटून गॅरेजाच्या पत्र्यास लागला, आणि चीर, जी आता मूळची राहिली नव्हती, मोठी जाहली होती, ती पाते घेऊन गेली. पहिली शिकस्त.

शिकस्त खाऊन जो शहाणा होईल तो इतिहासात जात नाही. खाशांनी दवाखान्याच्या खुर्चीवर बसून विचार केला की, दात कमजोर जाहला तर आपण काय करितो? वर धातूची टोपी बसवितो. मग पात्यास का नको? आणि तिसऱ्या पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या टोकास टोपी चढविण्याचा हुकूम सुटला. कवळ्या ओतणाऱ्या कारागिरास रुग्णांची कामे बाजूस ठेवण्यास फर्माविले. त्यात एका बाईंची दाढेची टोपी तयार होऊन आली होती, तीही माप जवळपास म्हणोन पंख्यास गेली. बाई एका गालाने चावीत राहिल्या आणि रोज फोन करून विचारीत, "डॉक्टर, माझी दाढ कुठवर आली?" खासे सांगत, "शेवटचा हात फिरतोय."

आता पहा. ओढ असते टोकास, आणि वजन चढविले तेही टोकास. शिवाय टोप्या काही वरच्या दाढेच्या, काही खालच्या, काही समोरच्या दाताच्या, त्यांची वजने सारखी कशी असावी? परंतु पंखा दिसावयास मोठा राजबिंडा दिसे, जणू धातूचे सूर्यफूल. बाईसाहेबांनी तो पाहून म्हटले, "छान आहे. भिंतीवर लावू या का?" खाशांस वाटले, स्तुती आहे.

दुसरी परीक्षा गॅरेजाच्या अंगणात जाहली. काटा अर्ध्यावर गेला तोच गाडी थंडी वाजल्यागत कापू लागली, दारांच्या काचा खुळखुळल्या, आणि मिस्त्री, जो कधी घाईत नसे, तो चहाचा पेला टाकून खांबाआड गेला. खाशांनी विचार केला की ही तेजाची थरथर आहे, आणि आणखी दाबिले. मग पंखा फुटला. टोप्या चहूदिशांस छर्ऱ्यांसारख्या उधळल्या, इंजिनाच्या झाकणास भगदाड पडले, एक टोपी टायरांच्या राशीत गेली, एक फाटकाच्या कडीत रुतली, आणि रुग्णबाईंची खास टोपी मिस्त्रीच्या पेल्यात चहाच्या तळाशी सापडली. तेवढीच काय ती लढाईतून सहीसलामत परत आली, आणि उकळून, घासून, योग्य मुखी स्थापन जाहली. बाई म्हणाल्या, "जरा चहाची चव येते." खासे म्हणाले, "दोन दिवसांत जाईल."

ही दुसरी शिकस्त मोठी. महिनाअखेर उद्यावर आली, खाशांची मती खुंटली, आणि बुद्धीचे कोठार रिते जाहल्याने निरुपायाने एक चांगली गोष्ट घडली. मिस्त्रीने भंगारातल्या गाडीचा एक साधा पंखा काढिला. पत्र्याचा, काळपट, ना टोपी ना चकाकी, परंतु चीर नसलेला. आणि मुकाट बसविला. खाशांनी त्याकडे तोंड वाकडे करून पाहिले आणि म्हणाले, "हा काय टिकणार?" मिस्त्री म्हणाला, "डॉक्टर, आता दुसरा नाहीच." मुत्सद्द्याच्या तोंडून निघालेले हे पहिले खरे वाक्य होय.

दुसरे दिवशी जेवणे आटोपून स्वारीचे प्रस्थान जाहले. मातोश्री पुढल्या आसनावर, मांडीवर बहिणीच्या गुडघ्याकरिता तेलाची बाटली, बाईसाहेब मागे, आणि खासे सुकाणूवर, पातळ बुटांत, घामाघूम. मागून फरश्यांचे सरदार आपल्या मुक्या गाडीत, ओढावयाचा दोर टपावर सर्वांस दिसेल ऐसा बांधून. चढ लागताच सरदार पुढे निघून गेले, आणि प्रत्येक वळणावर उतरून, फोन उगारून उभे राहू लागले, की गाडी बसल्याचे चलच्चित्र आपल्या हाती असावे.

पहिल्या वळणावर सरदारांस पाहताच खाशांचा उजवा पाय फुरफुरला. काट्याने उडी घेतली. इतक्यात मागून बाईसाहेबांचे बोट खांद्यास लागले. "अहो," त्या हलक्याने बोलिल्या, "आई झोपलीये."

खाशांनी पाहिले. मातोश्रींची मान काचेस टेकली होती, तोंड किंचित उघडे, आणि तेलाची बाटली दोन्ही हातांनी धरलेली. बाईसाहेब बोलिल्या, "बाबा गेल्यापासून ती दुपारची झोपलेली नाही. नुसती पडून असते, छताकडे बघत. आवाज करू नका हो. हात जोडते."

आता खरा प्रसंग उभा राहिला. इतके दिवस खाशांनी पंख्यास मजबूत केले, पात्यास सिमेंट भरिले, टोप्या चढविल्या. फक्त एका जागेस हात लाविला नव्हता, ती जागा पातळ तळव्याच्या बुटात होती. खाशांनी पाय वर घेतला. दुसऱ्या गिअरात, काटा अर्ध्याच्याही खाली, गाडी चढू लागली. आणि मग एक एक करून सारी दुनिया खाशांच्या उजव्या हाताने पुढे गेली. दुधाची मोटार गेली. फुगेवाल्याची फटफटी गेली. एक पोरगेलासा शिक्षक सायकल रेटीत गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, धक्का देऊ का?" खाशांच्या कानशिलांवर रक्त चढले, ओठ दाताखाली गेला, आणि ज्या दातांचे ते हाकिम ते त्यांनी इतके आवळले की दुसऱ्याने आवळले असते तर त्यांनी फी घेतली असती. परंतु पाय उचललेलाच राहिला.

आणि ऐसे चालता चालता एक नवल घडले. डरकाळी नाही म्हणोन खाशांस पंखा ऐकू आला. अंगणात कोणी सूप घेऊन बसावे, धान्य घोळवावे, फोल उडवावे, पुन्हा घोळवावे, ऐसा तो एकसारखा, मऊ, घरगुती आवाज. आणि त्यावर मातोश्रींचे घोरणे, ओवीच्या मागल्या ध्रुपदासारखे, एका चढावर एकदा, एका वळणावर एकदा. झाडांच्या सावल्या काचेवरून, मग मातोश्रींच्या कपाळावरून, मग बाटलीवरून सरकत जात. खाशांस पूर्वी कधी ठाऊक नव्हते की या रस्त्यास झाडे आहेत.

शेवटला चढ उभा. तेथे पुढे खडीचा ट्रक आडवा आला, गोगलगायीच्या चालीने, काळा धूर ओकीत. वर वळणावर सरदार फोन घेऊन ओरडले, "साडूभाऊ, काढा ना ओव्हरटेक! का पंख्याला दम लागला?" हा शब्द बाणासारखा आला. खाशांचा विवेक सुटला, गिअर पडला, पाय बसला, काटा लाल रेघेकडे धावला, आणि पंख्याच्या सुपाची शीळ जाहली, शिळेची किंकाळी होऊ लागली, बाईसाहेबांनी मागे डोळे मिटून घेतले. तेव्हा मातोश्री झोपेतच चुळबुळल्या, हात उचलून खाशांच्या बाहीवर ठेविला, आणि डोळे न उघडता, ज्यांस जन्मभर बोलत आल्या त्यांसच बोलाव्या तैशा बोलिल्या, "अहो... सावकाश. कोण वाट बघतंय आपली?"

खाशांनी आजवर कोणाचे ऐकिले नव्हते. हे बोलणे त्यांस नव्हतेही. परंतु हात बाहीवर होता. पाय आपोआप वर आला, किंकाळीची शीळ, शिळेचे सूप जाहले. आणि श्रीमंत दंताधीश, दाढपंक्तिसंहारक, त्या ट्रकाच्या मागे, त्याचा धूर गिळीत, डोळ्यांस पाणी येईतो, माथ्यापर्यंत रांगत गेले. पाणी धुराचे होते ऐसे ते आजही सांगतात.

माथ्यावर थोरल्या मावशींच्या फाटकात गाडी शिरली. इंजिन बंद होताच शांतता पसरली, आणि त्या शांततेने मातोश्री जाग्या जाहल्या. त्यांनी पदर सावरिला आणि म्हणाल्या, "आलो पण?" बाईसाहेब म्हणाल्या, "आई, अगं तू सगळा घाट झोपलीस." मातोश्रींनी करड्या आवाजात खुलासा केला, "झोपले कुठं? नुसते डोळे मिटले होते."

सरदार पुढे होऊन अर्ज करू लागले की, वेळ फार लागला, सायकलसुद्धा पुढे गेली, याचे चलच्चित्र आपणापाशी आहे. मातोश्रींनी ते सारे पाहिले, शेवटपर्यंत, आणि विचारिले, "यात मी कुठं बसलेय? दगडावर?" सरदार म्हणाले, "नाही, गाडीतच." मातोश्री म्हणाल्या, "मग झालं तर." आणि जावयाकडे वळून निकाल दिला तो ऐसा: "जावईबापू, कागद करून घ्या. मात्र दर पंधरवड्याला मला इथं आणायचं. आणि असंच."

खाशांनी लागलीच सर्वांस समजावून सांगितले की पंखा टिकला तो बसविण्याच्या खास पद्धतीमुळे, आणि त्याविषयी आपण गाडीवाल्यांच्या मंडळात भाषण देणार आहोत. बाईसाहेबांनी तेलाची बाटली उचलिली आणि मावशींच्या गुडघ्याकडे गेल्या.

येणेप्रमाणे घनघोर मोहिमेचा शेवट होऊन डोंगरमाथा सर जाहला. पंख्याचे पाते एकही ढळले नाही. फरश्यांचे सरदार फराळ घेऊन माघारी गेले. गाडीचे पोट इंजिनासकट शाबूत राहिले. मातोश्रींस दुपारची झोप परत मिळाली, जिचा त्या आजतागायत इन्कार करितात. आणि खाशांचा उजवा पाय, जो कोणत्याही सिमेंटाने वा टोपीने वळला नाही, तो बाहीवर ठेविलेल्या एका झोपाळू हातापुढे शरण येऊन त्या दिवसापासून मातोश्रींच्या चाकरीत रुजू जाहला. ही फत्ते दप्तरी नोंदली असे.